काळ्या मातीत निंदायला खुरपी कुठली घ्यावी, आणि डावखुऱ्यांनी काय बघावं

पत्र:

नमस्कार ताई, मी इंदूरला सुदामानगरमध्ये राहते, वय 61. घरामागे बारा बाय वीस फुटांची परसबाग आहे, त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो आणि थोडी फुलझाडं. पाऊस सुरू झाला की तणाने अगदी जीव नको होतो. मागच्या वर्षी ऑनलाइन तीन हत्यारांचा सेट मागवला होता, दिसायला फार सुंदर, पण पहिल्याच पावसाळ्यात त्यातलं छोटं फावडं मानेतून वाकलं. मग सासूबाईंचं जुनं वाकडं खुरपं काढलं तर ते माझ्या हातात चालतच नाही, मी डावखुरी आहे म्हणून असेल का? गुडघा पण दुखतो, फार वेळ उकिडवं बसवत नाही. माळीदादा म्हणतात औषध मारून टाकू, मिस्टर म्हणतात काळं प्लास्टिक अंथर. नेटवर सुरीसारखं एक जपानी हत्यार दिसलं, बरंच महाग आहे, ते घेऊ का? स्टेनलेस चांगलं की साधं लोखंड? आणि लव्हाळा कितीही उपटला तरी परत येतो त्याचं काय करू?
– सुदामानगरची एक वाचक

उत्तर:

ताई, प्रश्न बरेच आहेत पण सगळ्यात आधी डाव्या हाताचं सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही आणि बायका वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसतात की आपल्याला मेलं खुरपायलाच जमत नाही. सासूबाईंचं ते विळ्यासारखं वळलेलं खुरपं असेल ना, त्याची धार एकाच अंगाने काढलेली असते, दुसरं अंग सपाट ठेवतात. उजव्या हाताच्या माणसाने ते धरून ओढलं की सपाट अंग जमिनीकडे राहतं आणि पातं मातीलगत सरळ सरकत जातं. तेच तुम्ही डाव्या हातात धरलं की अंगं उलटी होतात, घासलेली बाजू खाली येते, मग पातं वर उसळतं, तणाच्या नुसत्या शेंड्यावरून घसरतं आणि ते खाली दाबून ठेवायला तुम्ही मनगट वाकडं करता, म्हणून पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं. तुमच्यात काही कमी नाहीये, हत्यार उजव्या हाताचं आहे, एवढंच.

याला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे वाकडं खुरपं सोडून सरळ पात्याची चपटी खुरपी घ्यायची, आपल्याकडे इंदूरला जी सगळीकडे मिळते तीच, मुठीतून निघालेली वाकवलेली मान आणि पुढे चपटं पातं, धार एकदम पुढच्या टोकाला. ही पुढे ढकलून चालवतात त्यामुळे डावा-उजवा फरक जवळजवळ राहत नाही. दुसरा रस्ता म्हणजे लोहाराकडून उलट्या अंगाची धार करून घ्यायची. त्याला नुसतं "उल्टे हाथ की धार निकाल दो" म्हटलं की कळतं, आणि हातात धरून दाखवलं तर अजूनच बरं. सासूबाईंच्या खुरप्याचं लोखंड चांगलं असेल, जुन्या खुरप्यांचं बहुतेक असतं, तर तेच घेऊन जा, दोन्ही अंगांनी थोडी थोडी धार काढून देईल, म्हणजे घरात कोणालाही वापरता येईल. टाकून मात्र देऊ नका.

आता माती. कारण खरं सांगायचं तर खुरपी तुमच्या हाताइतकीच मातीनेही ठरते, आणि ऑनलाइन वस्तू घेताना नेमकं हेच कोणी बघत नाही. आपली माळव्याची काळी माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक झिजून झालेली आहे, तिच्यातली जी चिकण आहे ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून मे महिन्यात वाफ्यात बोटं जातील एवढ्या भेगा आणि जुलैत चपलेला ही एवढी चिखलाची ढेकळं. व्हिडिओत बघा, ती बाई रंगीत पंज्याने नुसतं खाजवल्यासारखं करते आणि तण मुळासकट वर येतं, पण ती माती भुसभुशीत असते किंवा कुंडीत कोकोपीट भरलेलं असतं. आपल्या मातीत मुळं आवळून धरलेली असतात, तिथे रुंद आणि पातळ पत्र्याचं हत्यार घातलं आणि उचकटलं की सगळा जोर मानेवर येतो, आणि त्या सेटमध्ये मान वेगळी करून पात्याला नुसती दोन ठिकाणी चिकटवलेली असते, वरून हिरवा-केशरी रंग दिल्यामुळे जोड दिसत नाही. तुमचं फावडं वाकलं ते तुम्ही जास्त जोर लावला म्हणून नाही. ती वस्तू कुंडीची होती, जमिनीची नव्हती.

म्हणून काळ्या मातीला अरुंद आणि जाड पातं. पुढची धार दीड ते दोन इंच, त्याहून रुंद नको, कारण रुंद पात्याला माती जास्त चिकटते आणि वाळल्या जमिनीत ते शिरत नाही. पात्याची लांबी पाच-सहा इंच असली तर मुळाखाली जाता येतं. वजन हातात जाणवलं पाहिजे पण अर्ध्या तासाने खांदा उतरायला नको, साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅम ठीक. दुकानात तीन-तीन इंची रुंद खुरप्या असतात त्या वाळूमिश्रित मातीच्या लोकांना चालतात, नर्सरीवाले पण वापरतात, त्यांचं काम वेगळं आहे.

आणि मान. मानेचा बाक नीट बघा, कारण खुरपी जमिनीवर टेकवून मूठ धरली तर बोटांची पेरं आणि जमीन यांच्यात दोन-अडीच बोटं जागा राहायला हवी, नाहीतर प्रत्येक ढकलीला पेरं मातीला घासतात, आणि काळ्या मातीत मध्येमध्ये मुरूम आणि काचेचे तुकडे निघतात हे तुम्हाला माहीतच आहे. फार कमी बाक असलेली खुरपी कितीही चांगल्या लोखंडाची असली तरी घेऊ नका. ही गोष्ट फोटोत कळत नाही, म्हणून मी खुरपी ऑनलाइन घ्या असं कोणाला सहसा सांगत नाही, हातात घेऊन, दुकानाच्या फरशीवर टेकवून, थोडंसं खाली बसून बघितल्याशिवाय घ्यायची वस्तूच नाही ही. दुकानदार हसला तर हसू द्या.

कुठे जायचं? इंदूरला हार्डवेअरसाठी सियागंज आहेच, लोहारपट्टीकडेही एक चक्कर मारा, आणि शहराबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला गाडोलिया लोहार भट्टी लावून बसलेले दिसले तर गाडी थांबवून बघाच. हे लोक बऱ्याचदा ट्रकच्या कमानीचे जुने पट्टे कापून हत्यारं घडवतात, आणि कमानीचं लोखंड म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, त्यात कार्बन पुरेसा असतो त्यामुळे ते तापवून विझवलं की कडक होतं आणि धार धरतं. साधं खिडकीच्या ग्रिलचं लोखंड कितीही तापवलं विझवलं तरी कडक होत नाही, कारण त्यात तेवढा कार्बनच नाही. म्हणून विचारायचं, "कमानी का है क्या, और धार पे पानी चढ़ाया है?" पाणी चढवणं म्हणजे तेच, लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवायचं आणि मग थोडं ऊब देऊन ठिसूळपणा घालवायचा. ज्याला हे येतं तो लगेच खुशीत येऊन सांगायला लागतो, ज्याला येत नाही तो विषय बदलतो.

सांगितलेलं खरं आहे का ते तपासायला पर्समध्ये एक छोटी कानस ठेवा. धारेच्या अगदी कडेला हलकेच एक हात फिरवा, कानस सहज रुतली नाही, नुसता खरखर आवाज आला तर पाणी आहे, आणि कानसेने लगेच लोखंडात दात रोवले, चकचकीत ओरखडा पडला तर ते मऊ आहे, चार वेळा खुरपलं की धार दुमडणार. दुकानदाराला विचारून करा हं हे. कानस नसेल तर पातं लोखंडाच्या दुसऱ्या तुकड्यावर टिचकवून आवाज ऐका, कडक पोलाद खणखणतं, मऊ पत्रा बद्द वाजतो, पण हे कानाला सवय असल्याशिवाय शंभर टक्के कळत नाही, कानसेवर जास्त भरवसा ठेवा.

मूठ लाकडाची घ्या, शिसवी असली तर उत्तम, बाभळीची पण छान टिकते. प्लास्टिकची मूठ ओल्या हातात घसरते आणि उन्हात ठेवली की तडकते. पात्याची जी शेपटी मुठीत जाते ती पूर्ण मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून वळवलेली असेल तर ती आयुष्यभर निघत नाही, आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडाचं किंवा पितळेचं कडं असायलाच हवं, नाहीतर लाकूड चिरतं. तुमचं वय बघता, आणि बोटांचे सांधे दुखत असतील तर (तुम्ही लिहिलं नाहीये पण गुडघा बोलायला लागला की बोटंही फार मागे नसतात), जाड मूठ बरी, बारीक मुठीला आवळून धरावं लागतं. बारीकच मिळाली तर सायकलची जुनी ट्यूब कापून मुठीवर चढवा, पकडही चांगली येते.

स्टेनलेसचं विचारलंत. गंजत नाही हा एकच गुण, पण स्वस्तातलं स्टेनलेस मऊ असतं आणि धार धरत नाही, आणि खुरपीचं सगळं काम धारेवर आहे. कार्बनचं पोलाद गंजतं, पण ते कामानंतर पुसून तेलाचा हात फिरवला की झालं. मी साधंच घ्या म्हणेन.

जपानी सुरी म्हणजे तुम्ही होरी-होरी म्हणताय बहुतेक, एक बाजू धारेची, एक बाजू दातेरी, मध्ये मापाच्या खुणा. चांगलं हत्यार आहे, खोटं कशाला बोलू, खोल सोटमूळ काढायला आणि कंद लावायला फार कामाचं आहे, ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घ्यावं. पण तुमचं मुख्य काम आहे मेथी-कोथिंबिरीच्या ओळींमधलं बारीक तण जमिनीलगत कापणं आणि लव्हाळा उकरणं, त्यातलं पहिलं काम सुरीला जमत नाही कारण तिला मानेचा बाक नाही, हात जमिनीला लागतो. त्या पैशात चांगली खुरपी, लांब दांड्याचं एक हत्यार आणि कानस एवढं सगळं येऊन वर उरतील.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तुम्ही लिहिलंय "उपटला तरी परत येतो". ताई, उपटणं हे काम डोक्यातून काढून टाका. तणाचं काम दोनच प्रकारचं असतं, एक तर कापायचं नाहीतर उकरायचं, आणि कुठल्या तणाला काय हे आधी ओळखलं की हत्यार आपोआप ठरतं.

जे बी पासून येतं आणि अजून दोन-चार पानांवर आहे ते सगळं कापायचं, मातीच्या वरच्या सेंटीमीटरभर थरात पातं आडवं सरकवायचं बस. खोल जायचं नाही, कारण खाली जुन्या बिया झोपलेल्या असतात, तुम्ही माती उलटीपालटी केली की त्यांना उजेड मिळतो आणि आठवड्याने पुन्हा हिरवंगार. हे काम करायचं माती वरून कोरडी असताना, दोन दिवस उघाड मिळाली की सकाळी ऊन चढायला लागलं की, म्हणजे कापलेलं दुपारपर्यंत जागीच वाळून जातं. ओल्यात कापलं तर त्यातलं अर्धं पुन्हा मुळं धरतं.

यात दोन अपवाद आहेत आणि दोन्ही तुमच्या बागेत नक्की असणार. घोळ, ती मांसल पानांची लालसर देठाची, तिचे तुकडे ओल्या मातीवर नुसते पडले तरी रुजतात, म्हणून कापून तिथेच टाकायची नाही, गोळा करायची. (आणि मूग डाळ घालून भाजी करायची, चिंच-गुळाची पण छान होते, कोवळी असतानाच.) दुसरा केना, निळ्या फुलांचा. त्याच्या पेरापेराला मुळं फुटतात आणि वर निळी फुलं दिसतात ती वेगळीच, जमिनीच्या खाली पण त्याला बारीक फुलं येऊन बी धरतं, त्यामुळे वरून कितीही साफ केला तरी खाली त्याचा साठा तयार असतो. केना मुळासकटच काढायचा, लवकर काढायचा.

उकरायचं म्हणजे लव्हाळा आणि हरळी. हे काम वाफशावर. मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि अंगठ्याने ढकलला की फुटतो, चिकटत नाही, तो वाफसा, आपल्याकडचे शेतकरी त्याला बतर आली म्हणतात. चांगल्या पावसानंतर उघडीप मिळाली की साधारण दोन-तीन दिवसांनी येतो आणि काळ्या मातीत फार थोडा वेळ टिकतो, म्हणून त्या दिवशी बाकी कामं बाजूला ठेवा. त्याआधी घाई केली तर पात्याला चिखलाचा गोळा बसतो आणि तुम्ही पायांनी माती दाबून तिची वीट करता, नंतर केलं तर मुळं वरच तुटतात आणि खाली राहिलेलं पुन्हा येतं. हरळीच्या बाबतीत तर कोरड्यात खुरपणं म्हणजे तिची लागवड करणं आहे, प्रत्येक तुकड्याच्या पेरातून नवा कोंब येतो. तिची धाव हाताने धरून, खुरपी खालून घालून, सावकाश लांबच्या लांब ओढून काढायची. गणपतीला दुर्वा लागतात म्हणून सगळी काढायला मन होत नाही ते मला कळतं, एका पसरट कुंडीत ठेवा की, कुंडी सिमेंटच्या ओट्यावर, म्हणजे खालून पळणार नाही.

गुडघ्याचं. उकिडवं बसायचंच नाही, डॉक्टरांनी बसू नका म्हटलं असेल तर अजिबातच नाही. खुरपीचं काम ठेवा फक्त लव्हाळा उकरण्यापुरतं आणि रोपांच्या बुंध्याशी, तेही बुटक्या स्टुलावर किंवा उलट्या बादलीवर बसून. बाकी ओळींमधलं कापायचं काम उभ्याने करायला लांब दांड्याचं हत्यार घ्या. त्यात दोन प्रकार मिळतात, एक ओढायचं, दुसरं पुढे-मागे दोन्हीकडे कापणारं, ज्याचं पातं घोड्याच्या रिकिबीसारखं चौकटीत असतं आणि थोडं हलतं. तुमच्यासाठी दुसरं, पातं पाच इंचांच्या आत, म्हणजे मेथीच्या दोन ओळींत जाईल. दांडा उभं राहून हनुवटीच्या थोडा खाली यायला हवा, कमरेएवढा आखूड दांडा असेल तर वाकावंच लागतं आणि गुडघ्याचं दुखणं पाठीत येतं. तयार मिळालं नाही तर लोहाराला पट्टी वाकवून बनवायला सांगा, आणि दांडा बांबूचा हलका. हो, आणि ओळीत पेरा! मेथी फेकून पेरली तर कुठलंच लांब दांड्याचं हत्यार आत घालता येत नाही. नऊ-दहा इंचांवर ओळी काढा, तण काढायचं अर्धं काम तिथेच वाचतं. शेतात सोयाबीनमध्ये डोरा, म्हणजे बैलांनी ओढायचं कोळपं, चालतो तो ओळी असतात म्हणूनच. चाकाचं हातकोळपंही मिळतं, भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने बायकांना झेपतील अशी बरीच हातअवजारं तयार केली आहेत, त्यात ते आहे, पण ते मोठ्या जागेचं, बारा बाय वीसला वळवायलाच जागा पुरणार नाही.

हत्यार घेऊन आलात की काम संपलं नाही, धार तुम्हालाच ठेवायची आहे, आणि ज्या घरात कानस नाही त्या घरात चांगली खुरपी पण सहा महिन्यांत बोथट पळी होते. आठ इंची चपटी कानस घ्या. खुरपी पाटावर पायाने किंवा शिकंज्यात घट्ट धरून, जी घासलेली बाजू आहे तिच्यावरच, पुढे ढकलतानाच जोर द्यायचा, मागे आणताना उचलून आणायची, सात-आठ हात पुरतात. मागच्या सपाट बाजूला बारीक कूस येते ती एकदा हलकेच काढून टाकायची. प्रत्येक वेळी बागेत जायच्या आधी हे करा, दोन मिनिटांचं काम आहे आणि तुमचा अर्धा जोर वाचवतं. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडून करून घेत असाल तर समोर उभ्या राहा, पातं सुकं धरून जास्त दाबलं आणि धारेवर निळा रंग चढला की तिथलं पाणी उतरलं समजा, ते पुन्हा लोहाराकडे न्यावं लागतं. त्याला मध्येमध्ये पाण्यात बुडवायला सांगा.

काम झालं की काथ्याने माती काढायची, पुसायचं, तेलाचं फडकं फिरवायचं आणि खिळ्याला टांगायचं. मुठीला वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा. आणि मुठीला लाल किंवा पिवळा रंग द्या, काळ्या मातीत आणि पालापाचोळ्यात लाकडी मूठ दिसत नाही, कचऱ्याबरोबर गाडीत निघून गेलेल्या खुरप्या मी ऐकून आहे.

माळीदादांच्या औषधाबद्दल मी स्पष्ट नाही म्हणेन. ज्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर तुम्ही रोज खुडून खाता तिथे सगळं जाळणारं औषध मारायचं कसं? वाऱ्याने उडून वांग्या-टोमॅटोवर जातं ते वेगळंच. त्यातून ते ग्लायफोसेट असेल तर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांकडूनच व्हावा असं म्हटलं आहे, ते घरच्या पंपाने मारायची वस्तू नव्हे. माळीदादांना रागावू नका पण, त्यांना आठ घरं उरकायची असतात. त्यांनाही एक धारदार खुरपी घेऊन द्या, बघा फरक.

गाजरगवत कुंपणाशी असेलच, ते आपल्याकडे कुठे नाही. पुण्यात 1955 च्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं आणि आता देशभर आहे. एक झाड 5000 पासून 25000 पर्यंत बी टाकतं, म्हणून फूल यायच्या आधी काढायचं, आणि उघड्या हाताने कधीच नाही, त्याने अंगाला खाज, चट्टे उठतात आणि काहींना दम्याचा त्रास होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंडाला रुमाल. जबलपूरचं तण संशोधन निदेशालय दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह करतं, तोच काळ योग्य आहे, ओली जमीन असते, मुळासकट येतं. गल्लीतल्या चार जणींना बोलवा, कारण फक्त तुमच्या कुंपणाच्या आतलं काढून उपयोग नाही, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं बी तुमच्याकडेच येणार.

आता लव्हाळा, आणि मिस्टरांचं प्लास्टिक. लव्हाळ्याचं वर दिसतं ते पान म्हणजे काहीच नाही, खाली माळेसारखे गड्डे असतात, एकमेकांना बारीक दोऱ्यांसारख्या मुळांनी जोडलेले. उटण्यात घालतो तो नागरमोथा याच कुळातला, वास घेऊन बघा. तुम्ही पान उपटलं की ते मानेशी तुटतं आणि गड्डा दुसरा कोंब काढतो, एक तोडला तर साखळीतले शेजारचे पण जागे होतात. काळं पातळ प्लास्टिक तर तो भोक पाडून वर येतो, टोक सुईसारखं असतं त्याचं, बाकी तणांना प्लास्टिकचा उपयोग होईल, याला नाही.

त्याला दोनच गोष्टी चालतात. पावसाळ्यात वाफशावर खुरपी तिरकी, कोंबापासून दोन-तीन इंच लांब, खोल घालायची आणि ढेकूळच उचलायचं, मग ढेकूळ हाताने फोडून गड्डे वेचायचे. जिथे पीक उभं आहे आणि खोल जाता येत नाही तिथे दर दोन आठवड्यांनी कोंब जमिनीखाली कापत राहायचं, पाच-सहा पानं यायच्या आत, म्हणजे गड्ड्याला नवं अन्न मिळत नाही आणि तो आतून रिकामा होत जातो. हे चिकाटीचं काम आहे, एका पावसाळ्यात होणार नाही, पण दुसऱ्या वर्षी नक्की कमी दिसतो. वेचलेले गड्डे खताच्या खड्ड्यात टाकायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर सगळ्या बागेत तुम्हीच पसरवाल. गच्चीत पत्र्यावर कडक उन्हात वाळवायचे, अगदी आक्रसून टणक होईपर्यंत, आणि मग ओल्या कचऱ्यात गाडीला देऊन टाकायचे.

दुसरी गोष्ट उन्हाळ्यातली. वांगी-टोमॅटो एप्रिलमध्ये संपले की त्या वाफ्याला पाणी बंद करा आणि माळीदादांकडून टिकावाने वीतभर खोल खणून घ्या, मोठमोठी ढेकळं तशीच उघडी ठेवा, फोडू नका. मे महिन्याचं आपलं ऊन त्या गड्ड्यांना सहन होत नाही, आतलं पाणी गेलं की मरतात. आठवड्याने ढेकळं पालथी करून घ्या म्हणजे खालची बाजूही तापेल. मग जूनमध्ये पाऊस आला की लगेच पेरायची घाई करू नका, पहिल्या दोन पावसांनी जे काही वाचलेले गड्डे आणि बिया असतील ते वर येऊ द्या, बारीक असतानाच लांब दांड्याच्या हत्याराने उभ्याउभ्या सगळं कापा, लव्हाळ्याचे कोंब तेवढे खुरपीने गड्ड्यासकट काढा, आणि मग ओळी आखून मेथी टाका.